पुलाचा धडा

प्रिय मास्तर,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला वाटेल, बाईंचा राग निवळला. निवळलेला नाही. बाकी खुशाली म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, आणि लेकीची बदली झाल्यापासून आठवीतली नात माझ्याकडेच आहे. एरवी ती दप्तर दारातच भिरकावते. परवा मात्र ते उराशी धरून आली, कारण आत इतिहासाचा पेपर होता. युद्धात आपल्या गावचा पूल कोणी उडवला, असा प्रश्न. पोरीने लिहिलं होतं, आपल्याच सैन्याने, शत्रू नदी ओलांडू नये म्हणून. आणि त्या वेळी पुलावर चौतीस माणसं होती. त्यावर लाल फुली, पाचपैकी शून्य आणि शेरा : पुस्तक नीट वाच. मग मीच चष्मा लावून पुस्तक नीट वाचलं. शत्रूने पूल उडवला, चौतीस नागरिकांना वीरमरण आले. एवढंच. आणि पहिल्या पानावर समितीचा अध्यक्ष म्हणून तुझं नाव.

घरचा धडा आठवतो का रे? युद्ध शिकवायच्या आधी आठवडाभर पुस्तक बंद, प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारून यायचं, ही टूम तुझीच. हेडमास्तर कपाळाला हात लावायचे, पोर्शन कधी संपणार म्हणून. मीसुद्धा आधी तुझी टर उडवली आणि पुढच्या वर्षी गुपचूप तुझीच नक्कल केली. एका मुलाने एकच वाक्य आणलं होतं, आजी अजून नदीकडे पाठ करून बसते. तू त्याला पैकीच्या पैकी दिलेस. माझ्या नातीने वेगळं काय केलं? तिने घरी विचारलं आणि मी सांगितलं.

बाबांनी मात्र जन्मभर कोणाला सांगितलं नव्हतं. युद्धाचा विषय निघाला की ते उठून झाडांना पाणी घालायला जायचे, भर पावसातसुद्धा. शेवटच्या आजारपणात तू रोज शाळा सुटल्यावर यायचास, आणि एका संध्याकाळी त्यांनीच तुला टेपरेकॉर्डर आणायला सांगितलं. सुरुंगाची कळ त्यांच्या हाताखाली होती. वरून हुकूम आला तेव्हा पुलावरची माणसं त्यांना दिसत होती, आणि त्यांनी ती दाबली. त्या चौतिसांत तुझी आई होती, मावशीकडे ठेवलेला तू दोन वर्षांचा होतास, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. आपण कोणाला सांगतोय हे कळूनच ते बोलले. मी स्वयंपाकघरात उभी होते. दूध उतू गेलं तरी मला हलता आलं नाही. तू उठून जाशील असं वाटलं होतं. तू त्यांचा हात हातात घेतलास. तेवढा मान मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला दिला नाही. कॅसेट घेऊन जातो म्हणालास, पुस्तकात येईल म्हणालास, आणि मी ती स्वतःच्या हाताने रुमालात गुंडाळून तुला दिली.

परवा फोनवर म्हणालास, काकांना पोरांच्या नजरेत खुनी करायचं नव्हतं. समितीत सातजण, माझं एकट्याचं कोण ऐकणार, आता विषय वाढवू नकोस. मास्तर, केसाने गळा कापलास. आई आपल्याच माणसांच्या हातून गेली हे छापायला हात धजला नाही, असं म्हणाला असतास तर मी तुला जवळ घेऊन रडले असते. पण तू माझ्या बाबांची अब्रू पुढे केलीस. ती झाकायला त्यांनी तुला कधी सांगितलं होतं? त्यांना उलट हवं होतं. त्यासाठीच तर खोकत खोकत दोन्ही बाजू भरल्या.

आता पत्राचं कारण. सोमवारी शाळेत स्मृतिदिन आहे. पूल वाचवायला झटलेले जवान म्हणून बाबांचा फोटो सभागृहात लावणार आहेत, आणि मला दहा मिनिटं बोलायचं आहे. काल नातीने विचारलं, पणजोबा खोटं बोलायचे का? मी काही बोलण्याआधीच ती पेपर घडी करून कपाटात ठेवायला गेली. मला ती कॅसेट हवी आहे. तुझ्याकडे आहे तेवढीच. दुसरी प्रत नाही. सांभाळून ठेवली असशील याची खात्री आहे, आणि का परत करत नाहीस हेही मला कळलंय. दुसऱ्या बाजूच्या शेवटी बाबांची धाप ऐकू येते, मग ते विचारतात, पोरांना सांगशील ना? त्यानंतर आवाज तुझा आहे. हो काका, म्हणतोस तू. कॅसेट आली नाही तरी सोमवारी मी सगळं तोंडी सांगणार आहे, आणि तुझं ते उत्तरही सांगणार आहे. पहिल्या रांगेत माझ्याशेजारची खुर्ची तुझ्यासाठी ठेवायला सांगितली आहे.

अजून तरी तुझीच,
बाई