झाकणावरची रेघ

ता. ६ जून, दुपार

प्रिय टिपकागद,

तुला आणि वहिनींना नमस्कार. तुझं वर्षाचं पत्र वेळेवर आलं, उत्तराला मी दोन महिने लावले, तेव्हा पहिली शिवी मान्य. इकडे सगळं ठीक. बायकोचा गुडघा कुरकुरतो, माझी पाठ त्याला साथ देते, धाकटीला नोकरी लागली. तुझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान कसं चाललंय? आमच्या भिंतीवरचं घड्याळ तू पाठवलंस तेव्हापासून दोन मिनिटं पुढे आहे. घरी कुणाला हात लावू देत नाही.

बातमी अशी, की सुट्टीत आपल्या शाळेच्या बाकांची दुरुस्ती माझ्याकडे आली. हे पत्रही शाळेतच बसून लिहितोय, आपल्या सातवीच्या वर्गात. फळा पांढरा झालाय, खिडक्यांच्या कड्या मात्र त्याच. अजूनही लागत नाहीत. काल एका बाकाचं झाकण उचललं आणि आतून जुन्या शाईचा वास आला, तसा मी तिथेच खाली बसलो. तुझ्या डाव्या तळहाताची कड आठवली. लिहिलेल्या ओळीवरून हात फिरायचा आणि अर्धी अक्षरं हातावर यायची. म्हणून तू टिपकागद. माझ्या केसांत कायम वडिलांच्या कारखान्यातला भुसा, म्हणून मी भुश्या.

कारखाना आठवतो ना? रंध्यातून निघालेली कुरळी सालपटं कानांना अडकवून तू ठुमकत चालायचास आणि आमचे वडील, जे सहसा हसत नसत, ते हसायचे. म्हणायचे, "डावा सुतार म्हणजे कोपऱ्यातल्या कामाला सोनं. शाळा सुटली की येत जा रे माझ्याकडे." मला त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मला तुझा राग आला होता. हे आत्ता लक्षात आलं असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. तेव्हाच कळलं होतं.

तर, बाक सापडला. खिडकीजवळचा, तिसरा. दोघांत मिळून एकच लांब झाकण, आणि झाकणाच्या बरोबर मधोमध ती रेघ. बेचाळीस वर्षांत तिच्यात किती पोरांनी शाई भरली असेल कोण जाणे. रंधा मारून बघणार होतो, तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असतील.

"काका, ही रेघ कुणी पाडली असेल हो?"

"असतील कुणी कार्टी," मी म्हटलं आणि रंध्याचं पातं पुसत बसलो.

त्या बाकावर टेकल्या. म्हणाल्या, गेल्या वर्षी पाचवीत कुणीतरी पेनाने अशीच रेघ ओढली होती. जो ओलांडेल त्याला कर्कटकाचं टोक. एक मुलगी शाळेत यायचीच बंद झाली. "तीन महिने अख्ख्या वर्गाला माहीत होतं काका, फक्त आम्हाला नव्हतं." आता दर आठवड्याला जागा बदलायच्या असं त्यांनी ठरवलंय. त्रास झाला किंवा दिसला तर कुणाकडे जायचं, हे सोमवारी शाळा उघडली की पहिल्याच दिवशी मुलांना सांगणार आहेत. मग म्हणाल्या, "तुम्ही इथलेच ना? ही रेघ घासू नका. तिच्याबद्दल मुलांना दोन शब्द सांगाल?"

मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

कारण तुझ्या प्रत्येक पत्रात एक वाक्य असतं. "त्या वर्गात तू एकटाच माझ्या बाजूचा होतास." दर वर्षी मी ते वाचतो, पत्राची घडी घालतो आणि पेटीत हत्यारांच्या खाली ठेवतो.

मागच्या बाकावरच्या तिघांनी धमकावून माझ्याकडून रेघ पाडून घेतली, पुढचंही तेच करायला लावतात, असं मी तुला सांगितलं होतं. कुणी धमकावलं नव्हतं. तू शाळेत येण्याआधी दोन वर्षं ते तिघे माझ्या डोक्यावर खडूची पूड ओतायचे. भुश्यात भर घालतो म्हणायचे. तू आलास आणि त्यांना नवं खेळणं मिळालं. मला हायसं वाटलं रे. ते पुन्हा माझ्याकडे वळू नयेत म्हणून मी वडिलांची पटाशी दप्तरात घालून आणली आणि रेघ कोरली. टिपकागद हे नावही मीच ठेवलेलं. तुला ते लाडाचं वाटलं, आणि मी वाटू दिलं.

तू उजवीकडे बसायचास, मी डावीकडे. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचं कोपर मधे येणारच. ते रेघेपलीकडे आलं की मी पट्टीची कड मारायचो आणि मोठ्याने मोजायचो. मागून टाळ्या. तू हात अंगाशी घेऊन लिहायला लागलास, मग कमी लिहायला लागलास. सहामाहीला अर्धे पेपर कोरे दिलेस. एकदा तू हळूच विचारलं होतंस, "आपण जागा बदलू या का?" एवढंच केलं असतं तर तुझं कोपर बाहेरच्या बाजूला गेलं असतं आणि खेळच संपला असता. ते मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "खिडकी माझी आहे."

आता खरं ते लिहितो.

त्या दिवशी त्या तिघांतल्या पैलवानाने मागून बाकाला लाथ मारली आणि झाकण तुझ्या हातावर पडलं, असं आपण दोघांनी सरांना सांगितलं. तू मनापासून सांगितलंस, कारण मी तुला तसं सांगितलं होतं. पैलवान काही साधुसंत नव्हता, पण त्या दिवशी त्याचा पाय लागला नव्हता. झाकण मी धरलं होतं. तू आत हात घालून दौत शोधत होतास. मागचे तिघे बघत होते. मी सोडलं. निसटलं नाही, सोडलं.

पैलवानाला शाळेतून काढलं. महिन्याभरात तुझ्या वडिलांनी तुलाही काढलं. तुझं मधलं बोट पुन्हा सरळ झालं नाही, आणि त्याच हाताने तू केसाएवढे स्क्रू लावतोस. मला लाज वाटते. ह्याहून मोठा शब्द मला येत नाही.

सोमवारी मी बोलणार आहे. तुला विचारल्याशिवाय तुझ्याबद्दल काही सांगणार नाही, माझं मात्र सांगेन. पण मुलांच्या आधी तुला कळायला हवं होतं. यापुढे तुझं पत्र आलं नाही तर का आलं नाही ते मी समजेन. आणि यायचंच झालं, तर त्यात ते वाक्य लिहू नकोस.

रेघ ठेवली आहे. बाक नीट पुसला आणि त्यावरच बसून हे लिहितोय, उजवीकडे, तुझ्या जागेवर. इथून फळ्यावर उजेड पडतो आणि नीट दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं. खिडकीकडची बाजू मोकळी आहे.

तू विचारलं होतंस ना, जागा बदलू या का?

हो.

उजवीकडे सरकून बसलेला,
तुझा (तू म्हणशील तर)
भुश्या