कॉफीवर पाणी सोडलं

३ मार्च, संध्याकाळ
डॉक्टरकडे जाऊन आलो. हिचा हट्ट. ही, म्हणजे बायको, आमच्या घड्याळांच्या दुकानात पट्टे आणि बॅटऱ्या बदलते. तेवढ्यावर स्वतःला कारागीर समजते. म्हणे माझा उजवा हात थरथरतो! पंचवीस वर्षं याच हातानं तिळाएवढे स्क्रू बसवतोय.
डॉक्टर म्हणाला, कॅफीन फार होतंय, कॉफी दोन कपांवर आणा. स्वतः मशीनमधलं गढूळ साखरपाणी पीत होता. ज्याच्या जिभेला चव नाही त्यानं दुसऱ्याच्या हाताबद्दल बोलू नये.

४ मार्च
दादाचंही डोकं फिरलंय. थोरला भाऊ, दुकान त्याच्या नावावर, म्हणून ऐकून घेतो. एक निवृत्त शिक्षिका त्यांच्या आईचं नाजूक घड्याळ देऊन गेल्यात, अठरा तारखेला हवंय. दादा म्हणतो, ते नीट झालं तर खिडकीजवळची खुर्ची माझीच राहील. नाहीतर मी बाहेर काउंटरवर. बारीक काम फक्त त्या खुर्चीत होतं. ती गेली तर मी कोण?
हिला शब्द दिला, "उद्यापासून कॉफीवर पाणी सोडतो." हिचे डोळे भरून आले.

५ मार्च
कॉफीवर पाणी सोडलं. उकळी मोडलेलं, बारीक धारेनं, मधून कडेला गोल गोल. काय वास! दिलेला शब्द मागच्या खोलीत आठ वेळा पाळला.

८ मार्च
मासिकात लेख आलाय. कॅफीनमुळे एकाग्रता वाढते. मला माहीतच होतं. पुढचं पान झोप, धडधड, थरथर वगैरे. ते इन्स्टंट पावडर पिणाऱ्यांसाठी असणार. वाचलं नाही.

११ मार्च
एक स्क्रू उडाला. टेबल डुगडुगतं. पायाखाली पुठ्ठा घातला.
दुपारी: आणखी दोन उडाले. पुठ्ठाच वाईट. काढला.

१४ मार्च
झोप नाही. उशी बदलायला हवी. ही पाच मिनिटांत घोरते. दूध-पावडरीचं पांचट पाणी पिणाऱ्यांना डोकंच नसतं, जागं काय राहणार?

१६ मार्च
आजपासून दोनच. माप डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. मोठे मग आणले.

१७ मार्च
शिक्षिकाबाईंचं घड्याळ उघडलं. आतली स्प्रिंग केसाहून बारीक. चिमटा टेकवला. वाकली.
चिमटा भिकार. उजेड भिकार.
ही मागच्या खोलीत भिंग शोधायला गेली आणि किटली घेऊन आली. मी शांतपणे अर्थ समजावला. कॉफीवर पाणी सोडतो म्हणालो होतो, सोडलं. भाषेच्या दृष्टीनं चोख.
ही हसली नाही. म्हणाली, "उठा."
माझ्या खुर्चीत बसली. पाऊण तास मान वर केली नाही. कुठे शिकली, विचारलं. म्हणाली, पंधरा वर्षं तुमच्याच मागे उभी आहे. मी दिवा धरला होता. थोड्या वेळानं म्हणाली, दिवा टेबलावर ठेवा, हलतोय.

१८ मार्च
शिक्षिकाबाईंनी घड्याळ कानाला लावलं. टिकटिक ऐकून डोळे पुसले. मग माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. असे हात आता राहिले नाहीत, म्हणाल्या. घड्याळ हिनं केलंय, हे सांगायला तोंड उघडलं. परत मिटलं. हात त्यांच्या हातांत लटलट कापत होता.
त्यांना वाटलं, मला गहिवरून आलंय. म्हणाल्या, "अहो, असं रडू नये."
ही खिडकीजवळच्या खुर्चीतून बघत होती.
त्या गेल्यावर दादानं माझ्या हाताकडे बघितलं, काउंटरमागचं स्टूल फडक्यानं पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं. बसलो.