वरचा नियम

१० नोव्हेंबर, सोमवार
दोनदा फोन लावला. दोन्हीदा पुरता वाजला. लिडियानं उचलला न्हाई, माघारी केला न्हाई. पोटच्या पोरीची ही तऱ्हा. अठरा तारखेला नाशिकला तिचं पोटाचं ऑपरेशन हाय — आणि मला ते चर्चमध्ये कडूबाईकडून कळावं!
दीड वर्षामागं बापाच्या मातीला आली न्हाई. तवापासून बोलणं बंद. आता मी पडतं घेतलं तर ही फुगून बसली. मी फोन लावला हे घरात कुणाला सांगितलं न्हाई.

११ नोव्हेंबर
नात एंजल सकाळपासून लॅपटॉपम्होरं डोकं धरून. सुप्याच्या एका कंपनीचे कॉम्प्युटर ती इथं घोडेगावात बसून सांभाळती. आज काहीच उघडंना. आमटी गार झाली. म्हणलं, खाऊन घे, कॉम्प्युटर पळून जात न्हाई. "आजी, गप बस जरा." बसले गप.

१२ नोव्हेंबर
आजही तेच. विचारलं, जोडलंच न्हाई का?
"जोडलंय गं. व्हीपीएन म्हणजे इथून कंपनीपर्यंत आपला खाजगी रस्ता. तो चालू आहे. माझं मागणं तिकडं पोचतं. तिकडं कंपनीत बसलेला छगन म्हणतो, उत्तर पाठवलं. मला ते मिळत नाही."
मग छगन थापा मारत असंल.
"छगन थापा मारत नाही."
लई भरवसा छगनवर.

१३ नोव्हेंबर
लिडियाचा फोन न्हाई. तिसऱ्यांदा मी लावणार न्हाई.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
एंजलचं घोडं कुठं अडलं ते सापडलं. लॅपटॉपात फायरवॉल म्हणून राखणदार असतो, आत येणाऱ्याला अडवणारा. सोमवारी रात्री कुणीतरी बाहेरून घुसाय बघत हुतं, तवा हिनंच घाबरून नियम लिहिला — बाहेरचं काही आत घ्यायचं न्हाई. तो सगळ्यात वर. राखणदार वरनं वाचतो, पहिला लागला की खालचं बघत न्हाई. म्हणून कंपनीचं उत्तर दारापर्यंत येऊन तिथंच अडायचं. हिनं मागवलेलं, हिच्याच नियमानं.
म्हणलं, जनावरांच्या बाजारात फाटकापाशी मी तीस वर्षं चहा विकला. बैलाला पाणी पाजाय बाहेर गेलेला माणूस माघारी आला तर तिथला राखणदार अडवायचा न्हाई. तुझ्याला एवढं कळंना?
"कळतं, पण सांगावं लागतं. आता त्याच्याही वर लिहिलं — आपण मागितलेलं उत्तर आत येऊ दे."
चालू झालं. दोन भाकरी खाल्ल्या तिनं. भांडी घासता घासता मी विचारलं, माझ्या फोनलाबी असा राखणदार असतो का?
ती हसायची थांबली.

१५ नोव्हेंबर
"आजी, मातीच्या दिवशी तूच म्हणालीस, आत्याचा फोन या घरात वाजता कामा नये. मी तेव्हाच तुझ्या फोनात तिचा नंबर ब्लॉक केला. तू परत काही बोललीच नाहीस."
व्हय. न्हाई बोलले.
मी लावला की तिकडं वाजतो. तिनं लावला की इथं वाजतच न्हाई. एंजलनं अडवलेल्या फोनची यादी दाखवली. सोमवारपासून लिडियाचे अकरा फोन. पहिला माझ्यानंतर वीस मिनिटांनी. त्याआधीचेबी हायत. ते मी बघितले न्हाईत.
नियम काढला. तिसऱ्यांदा फोन लावला. नुसताच वाजला. कामावर असंल.
फोन ओट्यावर ठेवलाय. घरातल्या कुणी हात लावायचा न्हाई. वाजला की मीच उचलणार.