गाबेसला लागलेला सूर

११ जुलै, हम्मामेत

चुकला! नाही — चुकला नाही. अलजियाने वरचा सूर घेतलाच नाही.

खोलीतला पंखा नुसता आवाज करतोय आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलीय. झोपलेली नाही. झोपली की घोरते.

दुसरा अंक. बाप होडी घेऊन गेलेला, परत आलेला नाही. नवरीच्या कपड्यातली मुलगी मिठाच्या ढिगावर चढून हाक मारते — दिवा लावलाय, बाबा! तो शेवटचा ‘बाबा’ वर चढतो, चढतच राहतो, आणि ते काम करणारी अलजिया तो धरून ठेवते तोवर रंगमंचावरचे दिवे एकेक करून विझतात. ‘मिठागराची नवरी’ म्हणजे ती एक हाक. बाकी सगळं नाटक तिथवर पोचायची वाट.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॉलेजात होते. वहिनी आमच्या घरात नवी नवरी. माझ्या भावाला जेवण वाढून ठेवून माझ्याबरोबर नाटकाला आली होती, आणि येताना रस्ताभर आम्ही दोघी रडत होतो. भाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण अलजियाचा दौरा निघाला की आम्ही नणंद-भावजय पिशव्या भरतो. ते काही सुटलं नाही.

आज ‘बाबा’ खालीच राहिला. वरची जागा बासरीवाल्याने भरून काढली. टाळ्या पडल्या, बायकांनी डोळे पुसले, कुणाला काही कळलं नाही. मी वहिनीकडे बघितलं तर ती नेमकी तेव्हाच पर्समध्ये रुमाल शोधायला लागलेली.

बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “हवा दमट आहे. समुद्राची.”

हम्मामेतला समुद्र काय आज आला?

१२ जुलै

घरी परत. लुआजच्या भाड्याच्या गाडीत आठ माणसं कोंबलेली, आणि ड्रायव्हरने नेमकी अलजियाची जुनी टेप लावली. तीच हाक — तेव्हाची. स्वच्छ!

“भाऊ, जरा बंद करा हो,” वहिनी म्हणाली. “डोकं दुखतंय.”

वहिनीने अलजिया बंद करायला सांगितली. हे लिहूनसुद्धा खरं वाटत नाही.

१६ जुलै, सूस

आमच्या गावात प्रयोग, म्हणून सगळी गल्ली आलेली. वहिनीने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला मोगऱ्याचा गुच्छ दिला, जणू हिच्याच घरचं लग्न.

शेवटचं कडवं गाळलं! ढिगावर चढली, हात पुढे केला, दिवे विझले. संपलं.

शेजारची खदूजा उठत म्हणाली, “बरं झालं बाई लवकर आटपलं. बसून कंबर गेली.”

वहिनी तिच्याशी बोलायची बंद झालीय.

१७ जुलै

कुणीतरी हम्मामेतला तुकडा फेसबुकवर टाकलाय. खाली लिहिलंय — आजीबाईंना आता घरी बसवा. त्यावर हसणारी तोंडं.

वहिनी सकाळपासून चष्मा लावून एका बोटाने उत्तरं लिहितेय. दुपारी ल्योंहून सुंदुसचा, वहिनीच्या मुलीचा फोन. “आई, तू भर फेसबुकवर कुणाला तरी गाढवाचं पिल्लू म्हणालीस?”

“मोठं गाढवच म्हणायचं होतं. तेवढं लिहून होईना.”

मी हसले. मग हसता हसता बोलून गेले, “पण वहिनी, तो खरं सांगतोय. आवाज गेलाय तिचा.”

तिने फोन खाली ठेवला.

“तुमच्या भावाच्या वेळीही ‘संपलं’ असं तुम्हीच म्हणालात. डॉक्टर बोलायच्या आधी. तुम्हाला सगळं आधी कळतं, वन्सं.”

रात्रीचं जेवण दोघींनी आपापल्या खोलीत.

२० जुलै

अबोला. पण महदियाची तिकिटं दोन काढलीत तिने.

२४ जुलै, महदिया

काल काय झालं ते नीट लिहायला हवं.

कडवं परत घातलं होतं. का, देव जाणे. अलजिया ढिगावर उभी राहिली. दिवा लावलाय... आणि पुढचा शब्द आलाच नाही. तोंड उघडं, मान ताणलेली, आवाज नाही. बासरीवालाही गडबडला. उघड्या नाट्यगृहात दगडाच्या पायऱ्यांवर एवढी माणसं, आणि लाटा ऐकू येत होत्या.

 करायचं काय? जागेवर बसून माणूस काय करू शकतं?

वहिनी उठली. डोक्यावरचा रुमाल सावरला आणि लग्नघरात नवरी बाहेर येताना जीभ हलवून किलकारी देतात ना, तशी दिली. लांब, खणखणीत! क्षणभर एकटीच. मग मी. मग मागची बाई, तिच्या मागची, मग सगळ्या पायऱ्या. दिवे एकेक करून विझले. नाटकात हे असंच असतं असं वाटलं सगळ्यांना. बापाची होडी आली असेल म्हणून गाव ओरडतंय!

अलजियाने छातीवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. आमच्याकडेच.

नंतर बंदरावर दोघींनी भाजलेले मासे हाणले. वहिनी बोट चाटत म्हणाली, “तुमच्या कॉलेजात हे शिकवलं नव्हतं, काय वन्सं?”

अबोला सुटला.

२८ जुलै, सफाक्स

इथे आमच्या आधीच बायका उठल्या! महदियाचा व्हिडिओ घरोघर पोचलाय. आता फेसबुकवर म्हणतात — अलजियाची किलकारी. आजीबाई म्हणणारा गाढव गप्प. ‘बाबा’चा ‘बा’ निघायच्या आत सगळा गाव ओरडतो.

वहिनी चार हात उंच झालीय. मीही.

मध्यंतरात बशीर आला, दोन ग्लास लिंबू सरबत घेऊन. बशीर नाटकाचा ध्वनी बघतो. इतकी वर्षं तोंडओळख आहे, पुढच्या जागा तोच सांभाळून ठेवतो. म्हणाला, “तुम्ही दोघींनी वाचवलंत तिला.” मग इकडेतिकडे बघून — “घशात काहीतरी आहे. डॉक्टर म्हणतात कापावं लागेल. दौरा संपू दे म्हणते ती. नंतर आवाज राहील का, कुणी सांगत नाही. मी काही बोललो नाही हं.”

सरबत हातातच राहिलं.

२९ जुलै

बशीरने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

वहिनी पहाटे उठून बाजारात गेली. रानातल्या फुलांचा मध, त्यात ओवा कुटून घातला, बरणी बशीरकडे दिली. तो म्हणाला, “देतो. पण मावशी, तिच्या खोलीत अशा बरण्यांचं दुकान झालंय.”

वहिनी म्हणाली, “मग अजून एक.”

५ ऑगस्ट, गाबेस

लिहवत नाही.

६ ऑगस्ट, गाबेस

गाबेस अलजियाचं माहेर. म्हणून माणसं खजुराच्या झाडांवरसुद्धा चढलेली. पहिल्या रांगेत मधोमध तिची आई. इतकीशी, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली, एक हात कायम कानामागे. आम्ही तिच्या लगेच मागे बसलो होतो.

आई आहे म्हणूनच असेल. पहिल्या अंकात अलजिया जवळजवळ बोलूनच गाणी म्हणत होती. मला वाटलं, संपलं. आता कळतं, ती साठवत होती.

दुसरा अंक. ढीग. दिवा लावलाय... आणि सूर आला! आला! मी शपथेवर सांगते, सुरुवात मी ऐकली. खालून उठला, सावकाश वळला आणि चढायला लागला. तोच! 

आणि मागून किलकारी फुटली. शेकडो बायका. उत्साहाने, प्रेमाने, नरडी फोडून. वहिनीचीसुद्धा जीभ हलायला लागली होती — सवय! मग तिला कळलं. तिने आपल्याच तोंडावर हात दाबून धरला. डोळे बाहेर आलेले.

मी उठले. मागे वळून दोन्ही हात हलवले. गप्प! गप्प बसा! ती गातेय! त्यांना वाटलं मी चढवतेय. एकीने मला हात केला — आणि अजून मोठ्याने! अजून! मी रडत होते आणि हात हलवत होते आणि ते वाढतच होतं. दिवे एकेक करून विझले.

अंधारात आईचा आवाज. शेजारच्या मुलीला विचारत होती, “का गं ओरडत होते सगळे? मला पोरगी ऐकूच आली नाही.”

आम्हीच सुरू केलं होतं. महदियात, आम्ही.

६ ऑगस्ट, दुपार

सकाळी बशीर हॉटेलवर आला. “बोलावलंय तिने.”

वहिनी म्हणाली, “मी नाही येत. कोणत्या तोंडाने?” मग माझ्या आधी जिना उतरली.

आईच्या घरचं अंगण, डाळिंबाची झाडं. अलजिया खाटेवर बसलेली. रंग नाही, दागिने नाहीत, केस बांधलेले. आमच्यापेक्षा फार मोठी नाही ती. आयुष्यभर जिला लांबून बघितलं तिने आम्हाला चहा ओतला, आणि मला कपाला हात लावायचं सुचेना.

बोलली ती कुजबुजत. “इतकी वर्षं तुम्हा दोघींना बघतेय. नावं माहीत नाहीत.”

“मी मुंजिया. या राझिया, आमच्या वन्सं.” वहिनी खाली बघून बोलली. “अलजियाबाई, काल ते... आमच्यामुळे...”

तिने हातानेच थांबवलं. वाकून, एकदम जवळ येऊन म्हणाली, “काल लागला होता. घशात कळलं मला. कानाला काही पोचलं नाही त्या गलक्यात, पण घशाला कळतं. तुम्ही पुढे होतात. ऐकलात ना?”

मी काय सांगणार? सुरुवात ऐकली म्हणून सांगणार?

“ऐकला,” वहिनी म्हणाली.

“पूर्ण?”

“पूर्ण. दिवे विझेपर्यंत.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“मग झालं तर,” अलजिया म्हणाली आणि हसली. असं हसू मी तिच्या कुठल्या नाटकात बघितलं नाही. “आईला उगाच वाटतंय मी नुसती तोंड उघडून उभी होते.”

९ ऑगस्ट

तोझरचा प्रयोग रद्द. दौरा संपला. बातमीत म्हटलं, विश्रांतीसाठी.

१८ ऑगस्ट, सूस

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. आवाज राहिला नाही — कुजबुज तेवढी राहील, असं बशीरने फोनवर सांगितलं. म्हणजे गाबेसचा तो शेवटचा. आयुष्यातला शेवटचा, आणि तो आम्ही बुडवला.

वहिनी ऐकून घेऊन तशीच भिजवायचे चणे निवडत बसली. मघापासून तेच चणे निवडतेय.

२१ ऑगस्ट

खदूजाकडे लग्न. नवरी बाहेर आली, सगळ्या बायकांनी किलकारी दिली. वहिनी उठून घरी निघून आली. मी तिच्या मागे. रस्त्यात म्हटलं, “वहिनी, तू एकटी नव्हतीस.”

“पहिली होते.”

 भाऊ गेला तेव्हाही असंच. तिच्याबरोबर चालत राहायचं, बस.

२७ ऑगस्ट

बशीर आला होता. गाबेसची रात्र त्याच्या मशीनमध्ये होती — फक्त अलजियाच्या माइकची, लोकांचा आवाज अगदी लांब. कानाला लावून आधी मी ऐकली, मग वहिनीने. सूर उठतो, वळतो, चढतो, आणि फाटतो. मग नुसता श्वास. दिवे विझेपर्यंत श्वासच.

“ती मागतेय,” बशीर म्हणाला. “आईला ऐकवायचाय म्हणते. काय सांगू?”

वहिनीने कानाला लावलेला हेडफोन काढून त्याच्या हातात ठेवला. “पुसून टाक. सांग, त्या रात्री मशीन चालूच करायला विसरलो. शिव्या घालेल. त्या खा.”