होडीच्या तेलातली बॅट

॥ श्री ॥
तारकर्ली,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. तेजस्वीस दाजीआजोबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुमच्या वसतिगृहात रविवारीच फोन हातात देतात आणि नेमका तोच फोन मला धड ऐकू येत नाही. तुझी आजी सगळे ऐकते आणि मला अर्धे सांगते. त्यापेक्षा पत्र बरे.

शेजारचा बाबुश काजूगर घेऊन कोल्हापूरला येतो आहे, त्याच्या गाडीतून बॅट पाठवली आहे. दिवाळीत परीक्षेचा अभ्यास होता म्हणून नवी बॅट तयार करायचे काम तू माझ्यावर सोपवलेस ते बरे केलेस. होड्या बांधणाऱ्या मेस्ताच्या नातीचे लाकूड दुसऱ्या कोणी तयार करायचे म्हणजे मला तोंड लपवायची पाळी. दुकानाच्या कागदावर जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात लिहिले होते. आपल्याकडे जवस कुठले? होडीसाठी ठेवलेले उंडीचे तेल घेतले आणि चांगले सात हात दिले. चाळीस वर्षे होड्या बांधल्या, एकीनेही मला खाली बघायला लावले नाही. आजीने मात्र विचारलेच, "ती बॅट काय बांगडो आसा, तेलात सोडूक?"

लाकडाने चेंडूचा मार सोसावा म्हणून, कागदात सांगितल्याप्रमाणे लाकडी हातोडीने दहा दिवस, रोज अर्धा तास ठोकलीसुद्धा आहे. आता बिनघोर खेळ.

मंगेशच्या होडीचे काम मी सोडले. लाकूड बरे नव्हते. अक्षर वाकडे आले आहे, तो दोष चष्म्याचा.

आठ डिसेंबरच्या सामन्यासाठी आजीने धामापूरच्या भगवतीला नारळ बोलून ठेवला आहे. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
दाजीआजोबा

॥ श्री ॥
कोल्हापूर,
दि. २७ नोव्हेंबर २०२४

ती. दाजीआजोबांस, तेजस्वीचा सा. न. वि. वि.

बॅट मिळाली. पिशवी उघडली तेव्हा खोलीतल्या मुलींनी होडी कोणाची आली म्हणून विचारले. वासावरून दोन दिवस माझी थट्टा चालली होती.

पुढचे कसे लिहू कळत नाही. सोमवारी सरावात तिसऱ्या की चौथ्या चेंडूला बॅटीची कड खालपासून वर वीतभर फुटली. फार जोराचा चेंडूही नव्हता. आवाज आला आणि सगळ्या वळून बघू लागल्या. वसतिगृहाच्या फोनवरून वडिलांना कळवले. त्यांनी दुकानात विचारले, तर बॅट नीट न ठोकता खेळायला घेतली असेल तर बदलून मिळत नाही म्हणाले.

आमच्या सरांचा एक नियम आहे. प्रत्येकीने आपली बॅट आपण तयार करायची, आणि निष्काळजीपणामुळे ती फुटली तर पुढचा एक सामना बाहेर बसायचे. त्यांनी विचारले, बॅट कोणी तयार केली? मी म्हटले, मीच. म्हणजे आठ तारखेचा सामना गेला. जिल्हा संघाची निवड त्याच सामन्यातून व्हायची आहे आणि पुढच्या वर्षी माझे वय बसत नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. काही लाकडे तशीच असतात, मंगेशकाकांच्या होडीसारखी. आजीला यातले काही सांगू नका, ती नारळ घेऊन बसली असेल.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नये.

तुमची,
तेजस्वी

॥ श्री ॥
तारकर्ली,
दि. २ डिसेंबर २०२४

चि. तेजस्वीस आशीर्वाद.

तुझे पत्र मी वाडीच्या मागे जाऊन वाचले. 

लाकूड वाईट नव्हते, बाळ. मंगेशच्या होडीचेही नव्हते. पावसाळ्यापासून माझा उजवा हात खांद्यापासून बधिर होतो. हातोडी उचलतो आणि ती कुठे पडते ते मला कळत नाही. बॅट ठोकायला पहिल्या दिवशी बसलो. दोनदा हातोडी जमिनीवर पडली, एकदा माझ्याच गुडघ्यावर. आजी बाहेर आली म्हणून मी उठून तेल लावायला लागलो. मग रोज तेच केले. म्हटले, होडीला कोण ठोकत बसतो? तेल पोटभर पाजले की लाकूड आपोआप धरून राहते. तुला मात्र लिहिले दहा दिवस ठोकली. मेस्ताचा हात गेला हे लिहवेना.

सोबत तुमच्या सरांच्या नावे चिठ्ठी आहे. तिच्यात दोष सगळा माझा आहे असे स्वच्छ लिहिले आहे. ती त्यांना दे. मी स्वतः आलो असतो, पण आजीला काय सांगून निघू? हे पत्र लिहायला सकाळपासून तीनदा थांबलो. इथे बसून मला दुसरे काहीही करता येत नाही.

तुझा,
दाजीआजोबा

॥ श्री ॥
कोल्हापूर,
दि. ९ डिसेंबर २०२४

ती. दाजीआजोबांस, सा. न. वि. वि.

काल सामना झाला. मी धावफलक लिहीत बसले होते. निवड झालेल्यांत मी नाही. आजीला मी फोनवर एवढेच सांगितले.

तुमची चिठ्ठी मी सरांना दिली नाही. नियम आपली बॅट आपण तयार करण्याचा होता आणि मी ती तयार केली नव्हती. वर खोटेही बोलले होते. चिठ्ठीने त्यातले काय बदलणार होते?

आणि दोष सगळा तुमचा असे लिहू नका. ठोकलेल्या बॅटीची कड गोलसर होते, फळीवर बारीक खुणा दिसतात. तुमची बॅट मी आल्या दिवशीच खिडकीशी धरून पाहिली होती. कड तशीच टोकदार होती आणि फळीवर एक खूण नव्हती. मी मैत्रिणीची हातोडी आणून शेजारी ठेवली. दोन दिवस ती तशीच पडून होती. मी एकदा जरी मारली असती, तरी तुम्ही मला खोटे लिहिलेत हे मी मान्य केल्यासारखे झाले असते. ते माझ्याने होईना. म्हणून तशीच खेळायला घेतली.

राग आला नाही असे नाही. आला. कोणावर काढू ते कळले नाही.

आता हाताचे आजीला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. काय म्हणाले ते मला कळवा. तुम्ही लिहाल ते मी याही वेळी खरेच धरणार आहे.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुमचीच,
तेजस्वी