साडूंच्या सात टेप

३ मार्च, सोमवार
साडू आले. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मेव्हणी ट्रेनिंगला परगावी, घराचं रंगकाम चालू, म्हणून पंधरा दिवस मुक्काम आमच्याकडे. चहा होईपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातला नळ खोलला, आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली, नळ परत बसवला. थेंब बंद. त्या नळाचा मी तीन महिने अभ्यास करत होतो. बायको म्हणाली, याला म्हणतात माणूस. मला हेवा वगैरे वाटला नाही. फक्त चहा पुचाट लागला.

४ मार्च
संकल्प : या घरात यापुढे जे चिकटवायचं ते मीच चिकटवणार. ऑफिसातून येताना पॅकिंगच्या ब्राऊन टेपची सहा रिळं आणली. साडूंकडे सात प्रकारच्या टेप आहेत. सात कशाला? माणसाचा एका टेपवर विश्वास हवा.

६ मार्च, सकाळी ८
इस्त्रीची वायर सोलली होती. ब्राऊन टेपने झकास बांधली. साडूंनी पाहिलं, मला बाल्कनीत नेलं आणि हळूच म्हणाले, "दादा, वायरीला काळी इन्सुलेशन टेपच लागते. ही तापली की सुटेल, शॉक बसेल. आणि एवढी सोललीय तर वायरच बदलू या." घरात कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून बाल्कनीत! किती पाताळयंत्री माणूस.

९ मार्च, रविवार
मुलीच्या खोलीत भिंतीला निळा पट्टा रंगवायचा ठरला. साडूंनी मास्किंग टेप पुढे केली. ओढून पाहिली, अगदीच लेचीपेची. ते म्हणाले, ती तशीच असते, काम झालं की भिंतीला न दुखवता सुटावी म्हणून. मी ब्राऊन लावली.
संध्याकाळी काढली. भिंतही सोबत आली. मुलगी म्हणाली, बाबा, नकाशा छान झालाय. उरलेलं काम ती आणि काका करणार आहेत. मला बघायची परवानगी आहे.

१२ मार्च
निर्णायक दिवस. सासरे आमच्याकडेच असतात. त्यांना दाढीचा आरसा जरा खाली हवा होता. साडू कामावर गेल्याची खात्री केली आणि त्यांच्याच डबल साइड टेपने लावून टाकला. सासरे म्हणाले, वा, छान बसला. हे वाक्य जसंच्या तसं नोंदवून ठेवत आहे.
चार वाजता आरसा त्यांच्या पायावर पडला. तीन टाके.
साडूंनी एवढंच विचारलं, आधी भिंत पुसली होती का? मग म्हणाले, ती टेप हलक्या वस्तूंना, आरशाला स्क्रूच हवेत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. बायको ओरडली. ते लिहून ठेवत नाही.

१५ मार्च
ड्रेसिंग साडूच करतात. सासऱ्यांनीच तसं सांगितलंय. कागदी टेप वापरतात. म्हातारी कातडी, दुसरी टेप ओढली तर सोलवटते म्हणे. आधी कडा ओली करायची, मग एका बोटाने कातडी दाबून सावकाश सोडवायची. मी रोज शेजारी उभा राहून चुका शोधतो. अजून एकही सापडलेली नाही. माणूस सावध आहे.

१७ मार्च
साडू गेले. सासरे झोपले होते, त्यांना उठवू नका म्हणाले. जाताना मला मिठी मारली. ती मी सहन केली. घर पुन्हा माझं.

१८ मार्च, सकाळी ७
बायकोला लवकर निघायचं होतं. ड्रेसिंग मी करतो म्हणालो. तिने ब्राऊन टेप कपाटात ठेवून दिली, मग गेली.
सासरे अर्धवट झोपेत, चष्मा टेबलावर. कडा ओली केली. बोटाने कातडी दाबली. एक पट्टी सोडवायला चार मिनिटं लागली. त्यांनी पाय मागे घेतला नाही. जखम पुसली, नवी पट्टी न ताणता लावली. कुठे सुरकुती नाही, रक्ताचा ठिपका नाही. इतकं नीट मी आयुष्यात काही चिकटवलेलं नाही.
सासरे डोळे मिटूनच म्हणाले, "धाकटे जावईबापू, हात फार हलका हो तुमचा. थोरल्यांना मात्र जवळ येऊ देऊ नका."
मी "बरं" म्हणालो. आवाज जमेल तितका साडूंसारखा काढला.