गोधडीतला वास

१६ जानेवारी
आज पुन्हा! एका दमात पाच-सात शिंका, आणि समोरचे हिरे सगळे टेबलाखाली. ज्वारीच्या कणीएवढे खडे ते. सगळ्यांचं काम थांबलं. बॅटऱ्या घेऊन फरशीवर रांगलो. सुपरवायझर राधेश्याम वरडला — "ए जालनावाले, छींक रूम पे मार के आया कर! एक भी नग गया तो गाँव की गाड़ी पकड़."
मला सातवी नापासाला सुरतेत दुसरं काम कोण देतंय?

१७ जानेवारी
मास्क लावला. मास्कात शिंकलो. सगळे हसले.

१९ जानेवारी
शिंका पहाटंच सुरू होतात, गोधडीत असतानीच. खोलीतला भुजंग, आपल्या भोकरदनचाच, म्हणला, "उचकी लागली तर कोणी आठवण काढतं. शिंका लागल्या तर कोण काढतं रे?" मला हसू आलं न्हाई.
गोधडी माझ्या थोरल्या भावाच्या, भारतदादाच्या कपड्यांची हाय. शहागडला हायवेवर ट्रकनं उडवलं त्याला. बाबा म्हणले, कपडे देऊन टाका. आईनं ऐकलं न्हाई. न धुताच त्यांची गोधडी शिवली, मी निघालो तवा माझ्या पिशवीत कोंबली. "दादा सोबत हाय तुह्या."
तोंडावरून घेतली की त्याचा वास येतो — घाम, ग्रीस, बिडी. कधी कधी बाजूला श्वास बी ऐकू येतो. खरंच!

२२ जानेवारी
दवाखान्यात गेल्तो. डॉक्टर म्हणले, "जुन्या अंथरुणात बारीक किडे असतात, डोळ्याला दिसत नाहीत. उकळत्या पाण्यात धू, कडक उन्हात टाक. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही."
मी गोळ्याच तेवढ्या घेतल्या.

२४ जानेवारी
गोळीनं झोप येऊन राह्यली. चिमट्यातून खडा सुटला. राधेश्यामनं वहीत माझं नाव लिहून ठेवलं. त्याचं जास्त भ्या वाटलं.

२६ जानेवारी
धुतली.
भुजंगनं पाणी उकळून दिलं. पहिलं पाणी काळं निघालं. मला वतवंना. "वत ना जल्दी, काय बघून राह्यला त्यात?" मंग त्यानंच बादली वतली. मोरीतून जाईपर्यंत बघत बसलो.

२७ जानेवारी
एक बी शिंक न्हाई. राधेश्याम म्हणला, "आज मौसम साफ है!"
गोधडी तोंडावरून घेतली. साबणाचा वास. बाजूला कोणीच न्हाई.

२ फेब्रुवारी
आईचा फोन. तिला पहाटं लय शिंका येऊन राह्यल्यात. दादाचे उरलेले कपडे — त्यांची तिनं सोतासाठी बी एक गोधडी शिवलीय.
"तुह्या डॉक्टरनं काय सांगितलं होतं रे?"
गोळ्या, म्हणलो. दुसरं काहीच न्हाई.